एंजिनावरील ठसे आणि जुळणीचा क्रम

जुनी मोटारगाडी विकत घेणाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. गाडीत आज असलेले एंजिन हे कारखान्याने मुळात बसविलेले एंजिन आहे, की पुढे केव्हातरी दुसऱ्या गाडीतून काढून तेथे आणलेले? गाडीचा रंग, तिची चकाकी किंवा विक्रेत्याचे बोलणे यांवरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते धातूवरच शोधावे लागते. एंजिनाच्या ओतीव लोखंडी ठोकळ्यावर काही अंक व अक्षरे उठावाची असतात, तर काही हातोड्याने ठोकून खोलगट उमटविलेली असतात. कारखान्याने ती स्वतःच्या सोयीसाठी घातली होती. कोणता ठोकळा कोणत्या दिवशी ओतला, कोणते एंजिन कोणत्या गाडीसाठी आहे, हे कामगारांना व तपासनिसांना चटकन कळावे एवढाच त्यामागचा हेतू होता. पन्नास-साठ वर्षांनंतर याच खुणा गाडीच्या इतिहासाचा मुख्य पुरावा ठरल्या आहेत.

या खुणांचे वाचन वरवर पाहता सोपे वाटते. तक्ता घ्यावा, अक्षराचा अर्थ पाहावा आणि तारीख सांगावी, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु सुट्या अंकाला फारसे मोल नसते. मोल असते ते अंकांमधील क्रमाला. ठोकळा आधी ओतला जातो, मग त्याचे एंजिन होते, मग ते एंजिन गाडीत बसते. हा क्रम उलटा होऊ शकत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या खुणांवरून मिळालेल्या तारखा या क्रमाशी जुळतात की नाही, हे पाहणे म्हणजेच खरे वाचन होय.

एंजिनाची तारीख आणि गाडीची तारीख

एंजिनाची तारीख व गाडीची तारीख या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीच्या उदाहरणावरून चांगले समजते. १९०८ साली सुरू झालेल्या या गाडीचा अनुक्रमांक म्हणजे तिच्या एंजिनाचाच क्रमांक असे. एंजिन तयार झाले की त्याच्या डाव्या बाजूस हा क्रमांक ठोकला जाई. मात्र सर्वच एंजिने तेथल्या तेथे गाडीत बसत नसत. त्यांपैकी पुष्कळशी रेल्वेने देशभरातील जुळणी कारखान्यांकडे पाठविली जात आणि तेथे सवडीने गाडीवर चढविली जात. म्हणून मॉडेल टीच्या क्रमांकावरून एंजिन केव्हा पुरे झाले हे सांगता येते, परंतु गाडी रस्त्यावर केव्हा आली हे तितक्याच नेमकेपणाने सांगता येत नाही.

या गाडीचा शेवट तर अधिकच बोलका आहे. २६ मे १९२७ रोजी मॉडेल टीची दीड कोटीवी गाडी तयार झाली आणि त्यानंतर तिचे उत्पादन थांबले. एंजिने मात्र बदली भाग म्हणून पुढेही बनत राहिली. त्यांचे उत्पादन थांबले ते ऑगस्ट १९४१ मध्ये. अर्थात या चौदा वर्षांतील एंजिने कोणत्याही नव्या मॉडेल टीमध्ये कधीच बसली नव्हती. अशा क्रमांकाचे एंजिन एखाद्या गाडीत आढळले, तर ते मागाहून बसविले गेले आहे, हे आणखी काही न पाहता सांगता येते.

जेथे गाडीचे भाग पेट्यांत भरून समुद्रापार पाठविले जात, तेथे हे अंतर आणखी वाढे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे असा जुळणी कारखाना सुरू केला होता. परदेशी ओतलेला ठोकळा, तेथेच तयार झालेले एंजिन आणि शिवडीला जुळलेली गाडी यांच्या दरम्यान जहाजाचा संपूर्ण प्रवास येई. अशा गाडीच्या बाबतीत काही महिन्यांचे अंतर संशयास्पद मानता येत नाही.

ठोकळ्याचा प्रवास

जनरल मोटर्सच्या शेवरोले विभागाने १९५० ते १९७० च्या दशकांत वापरलेली पद्धत या शास्त्राचे उत्तम उदाहरण होय. १९५५ च्या गाड्यांबरोबर बाजारात आलेले शेवरोलेचे लहान आकाराचे व्ही-आठ एंजिन पुढे लक्षावधी गाड्यांत बसले आणि त्याच्यावरील खुणांचा अभ्यासही सर्वांत बारकाईने झाला.

मिशिगन राज्यातील फ्लिंट येथील एंजिन कारखान्यासाठी ठोकळे सॅगिनॉ येथील ओतशाळेत ओतले जात. ओतकामात प्रथम हव्या त्या आकाराचा फर्मा वापरून वाळूचा साचा तयार करतात आणि त्यात वितळलेले लोखंड ओततात. फर्म्यावर जी खूण असेल ती ओतीव वस्तूवर जशीच्या तशी उठते. ठोकळ्याच्या मागील कडेवर अशा दोन उठावाच्या खुणा असतात. पहिली म्हणजे ओतीव क्रमांक. तो बहुधा सात अंकी असून त्यावरून ठोकळ्याचा नमुना कळतो. दुसरी खूण म्हणजे ओतण्याची तारीख. फर्म्यावरील तारखेचे तुकडे बदलता येण्याजोगे असत व ते रोज बदलले जात.

या तारखेत आधी महिन्याचे अक्षर, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा अखेरचा अंक येतो. इंग्रजी वर्णमालेतील ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे एल म्हणजे डिसेंबर. ‘बी १८ ९’ अशी खूण असेल तर ती १८ फेब्रुवारी व ९ ने संपणारे वर्ष दर्शविते. हे वर्ष १९५९, १९६९ किंवा १९७९ यांपैकी कोणते, हे या खुणेवरून कळत नाही. ते ओतीव क्रमांकावरून ठरवावे लागते. तथापि ओतीव क्रमांकही सर्वस्वी निर्णायक नसतो. उदाहरणार्थ, ३९७००१० हा क्रमांक १९६९ पासून पुढे सुमारे दहा वर्षे चालू होता आणि त्या क्रमांकाचे ठोकळे मोटारींत तसेच मालवाहू गाड्यांतही वापरले गेले.

ओतलेला ठोकळा एंजिन कारखान्यात आला की त्याचे यंत्रकाम होई. सिलिंडर कोरणे, पृष्ठभाग सपाट करणे, छिद्रे पाडणे ही कामे झाल्यावर त्यात क्रँकशाफ्ट, पिस्टन इत्यादी भाग बसत. एंजिन पुरे होताना त्याच्या पुढील भागी, उजव्या बाजूच्या सिलिंडर-डोक्यासमोर उघड्या राहणाऱ्या छोट्या सपाट पट्टीवर ठसा ठोकला जाई. ‘व्ही ०३०४ डीझेड’ हा असाच एक ठसा. यातील व्ही म्हणजे फ्लिंटचा व्ही-आठ एंजिनांचा कारखाना. न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा कारखान्यासाठी टी, तर कॅनडातील सेंट कॅथरिन्स येथील कारखान्यासाठी के हे अक्षर होते. ०३०४ म्हणजे तिसऱ्या महिन्याची चौथी तारीख, अर्थात ४ मार्च. शेवटची अक्षरे एंजिन कोणत्या प्रकारच्या गाडीसाठी व कोणत्या जोडणीचे आहे हे सांगतात. डीझेड ही अक्षरे १९६९ च्या कॅमेरो झेड-२८ या गाडीतील ३०२ घन इंची एंजिनाची होत.

या ठशात वर्ष नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारखान्याला त्याची गरज नव्हती, कारण चालू वर्ष कोणते हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते. आजच्या वाचकाला मात्र वर्षासाठी ठोकळ्याच्या मागच्या कडेवरील ओतीव तारखेकडेच जावे लागते.

पुरे झालेले एंजिन मग गाडीच्या जुळणी कारखान्याकडे जाई. कॅमेरोची जुळणी ओहायो राज्यातील नॉरवुड आणि कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथे होत असे. तेथे एंजिनावर आणखी एक ठसा पडे, तो म्हणजे गाडीच्या अनुक्रमांकाचे संक्षिप्त रूप. ‘१९एन’ आणि त्यापुढे सहा अंक, असा ठसा असेल तर १ म्हणजे शेवरोले, ९ म्हणजे १९६९ चे मॉडेल, एन म्हणजे नॉरवुड आणि उरलेले सहा अंक त्या विशिष्ट गाडीचे. हा ठसा एंजिनाला एका आणि एकाच गाडीशी बांधतो. कॉर्व्हेट या गाडीच्या एंजिनांवर तो १९६० च्या दशकाच्या प्रारंभापासून आढळतो. परंतु १९६८ पूर्वीच्या शेवरोलेच्या अनेक साध्या गाड्यांच्या एंजिनांवर तो नाही. अशा गाड्यांच्या बाबतीत एंजिन तारखेच्या दृष्टीने सुसंगत आहे एवढेच म्हणता येते. ते त्याच गाडीचे आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

चौथी तारीख सांगाड्याची. कॅमेरोच्या पुढील काचेखालच्या पोलादी पडद्यावर एक पत्रा रिव्हेट केलेला असतो. त्यावरील ‘०३सी’ या खुणेचा अर्थ तिसऱ्या महिन्याचा तिसरा आठवडा, म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा असा होतो. येथे अंक महिन्याचा व अक्षर आठवड्याचे आहे. ओतीव तारखेत अक्षर महिन्याचे होते. एकाच कंपनीच्या दोन खात्यांत अक्षरांचा असा भिन्न वापर होता. कॉर्व्हेटच्या पत्र्यावर तर अक्षर पुन्हा महिन्याचे असले तरी मोजणी जानेवारीपासून होत नाही. ती त्या मॉडेलच्या उत्पादनाच्या पहिल्या महिन्यापासून होते. १९६३ च्या कॉर्व्हेटवरील ए म्हणजे सप्टेंबर १९६२ होय.

क्रम लावून पाहणे

या चार तारखा एकत्र ठेवल्या म्हणजे काय दिसते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका १९६९ च्या कॅमेरो झेड-२८ वर ‘बी १८ ९’ ही ओतीव तारीख, ‘व्ही ०३०४ डीझेड’ हा एंजिनाचा ठसा, ‘०३सी’ हा सांगाड्याचा आठवडा आणि गाडीच्या क्रमांकाशी जुळणारा सहा अंकी ठसा आढळला, असे समजू या. ठोकळा १८ फेब्रुवारीस ओतला गेला, चौदा दिवसांनी ४ मार्चला त्याचे एंजिन झाले आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी सांगाडा तयार झाला. क्रम बरोबर आहे आणि अंतरेही स्वाभाविक आहेत.

आता फक्त ओतीव तारीख बदलून ती ‘ई ६ ९’, म्हणजे ६ मे १९६९ आहे असे मानले, तर काय होईल? जो ठोकळा मे महिन्यात ओतला गेला, त्याचे एंजिन त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुरे झाले, असा अर्थ निघेल. तो ठसा पुढच्या वर्षीच्या मार्चचा आहे असे म्हणावे, तर ३०२ घन इंची एंजिन असलेली झेड-२८ ही गाडीच मार्च १९७० मध्ये बनत नव्हती. कोणताही मार्ग धरला तरी कथा जुळत नाही. तेथे ठसा खोटा आहे, असा निष्कर्ष जवळजवळ अटळ ठरतो. बनावट ठसा ठोकणारा माणूस पुढची पट्टी गुळगुळीत करू शकतो, परंतु मागच्या कडेवरची उठावाची तारीख त्याला सहजासहजी बदलता येत नाही.

काही वेळा मात्र दोष ठशात नसून वाचनात असतो. १९६९ च्या कॅमेरोचे उत्पादन १९६८ च्या उत्तरार्धात सुरू झाले. तिच्या जागी येणाऱ्या नव्या गाडीला उशीर झाल्याने ते नोव्हेंबर १९६९ पर्यंत लांबले. त्यामुळे ‘१०१०’ असा ठसा १० ऑक्टोबर १९६८ चाही असू शकतो आणि १० ऑक्टोबर १९६९ चाही. सांगाड्याच्या पत्र्यावरही वर्ष नसून मॉडेलचेच साल असल्याने त्याचा उपयोग होत नाही. ओतीव तारखेतील शेवटचा अंक ८ आहे की ९, यावरून हा प्रश्न सुटतो. गाडीचा अनुक्रमांक मालिकेच्या आरंभाचा आहे की अखेरचा, हेही पाहता येते.

अंतराबद्दलही तारतम्य बाळगावे लागते. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचे अंतर नेहमीचे मानले जाते. परंतु कारखाना म्हणजे शिस्तीने पुढे सरकणारी रांग नव्हे. ओतलेले ठोकळे ढिगात ठेवले जात आणि तळाशी गेलेला ठोकळा मागे राहू शके. कमी खपाची एंजिने अधिक काळ पडून राहत. सांगाड्यांचा क्रमांक व गाड्यांचा अनुक्रमांक यांच्या मालिका स्वतंत्र असल्यामुळे त्याही पावलाला पाऊल लावून चालत नाहीत. म्हणून अंतर मोठे असणे हा केवळ प्रश्न असतो, तर क्रम उलटा असणे हा पुरावा असतो. या दोहोंतील फरक विसरल्यामुळे अनेक निर्दोष गाड्यांवर बालंट आले आहे.

खोटे ठसे

अंकांना एवढे महत्त्व आल्यावर त्यांची नक्कल होणे ओघानेच आले. १९६७ साली एल-८८ या अतिशक्तिशाली एंजिनाच्या अवघ्या २० कॉर्व्हेट गाड्या बनल्या. त्यांपैकी एक २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेतील लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. त्या एंजिनाची ओळख ‘आयटी’ या दोन अक्षरांत आहे. दोन अक्षरांवर एवढी रक्कम अवलंबून असेल, तर ती अक्षरे ठोकण्याचा मोह कोणाला ना कोणाला होणारच.

या फसवणुकीचा शोध घेताना पट्टीचा पृष्ठभाग कामी येतो. ठोकळ्याचा तो भाग ब्रोचिंग यंत्राने सपाट केला जाई. त्या यंत्राच्या दातांमुळे पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या अतिशय बारीक, समांतर रेघा राहत. पुढे कोणी पट्टी घासली किंवा ठोकळ्याचा पृष्ठभाग पुन्हा कापला, की या रेघा नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी निराळ्या दिशेच्या किंवा वर्तुळाकार खुणा येतात. ठशांची ठेवणही पाहतात. एंजिनाची तारीख एका गावच्या कारखान्यात ठोकली गेली आणि गाडीचा क्रमांक शेकडो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या कारखान्यात. साहजिकच दोहोंच्या अक्षरांची घडण, खोली व ओळ यांत फरक असतो. दोन्ही ठसे एकाच हाताने, एकाच वेळी ठोकल्यासारखे दिसले तर तपासनीस सावध होतो. अशा बारकाव्यांची नोंद ठेवण्याचे काम हौशी अभ्यासकांच्या मंडळांनी केले. कॉर्व्हेटच्या पुनरुद्धारकांची संस्था १९७४ साली स्थापन झाली आणि कारखान्यातून निघालेली गाडी प्रत्यक्षात कशी होती, याचे मोजमाप तिने रूढ केले. अमेरिकेत वाहनाचा ओळख क्रमांक जाणूनबुजून पुसणे किंवा बदलणे हा १९८४ च्या कायद्यान्वये संघराज्यीय गुन्हा आहे.

तरीही रेघा नाहीत म्हणून मालक लबाड, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. एंजिनाची मोठी दुरुस्ती करताना सिलिंडर-डोके घट्ट बसावे म्हणून ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग कापणे हे यंत्रशाळेतील नेहमीचे काम आहे. त्यात ठसे आपोआप जातात. ज्या काळी ही केवळ जुनी गाडी होती, त्या काळी त्याची कोणी पर्वा केली नाही. तसेच हमीच्या मुदतीत बिघडलेल्या एंजिनाच्या जागी कंपनीनेच बदली एंजिन दिल्याची उदाहरणे आहेत. शेवरोलेच्या अशा एंजिनांवर ‘सीई’ ही अक्षरे आढळतात. हे एंजिन मूळचे नव्हे हे खरे, पण त्याचा इतिहास सरळ आणि प्रामाणिक आहे.

पुरावा आणि त्याची मर्यादा

न जुळणारे अंक मूळ एंजिनाचा दावा खोडून काढू शकतात. जुळणारे अंक मात्र तो दावा केवळ संभवनीय करतात. म्हणून जाणकार तपासनीस अंकांबरोबर कागदही शोधतो. १९६७ पासूनच्या अनेक कॉर्व्हेटच्या इंधनटाकीवर जुळणीच्या वेळचा मागणीचा कागद चिकटविलेला असतो. काही गाड्यांच्या आसनाखाली असे कागद सापडले आहेत. पहिल्या मालकाची पावती, हमीपत्र, दुरुस्तीची बिले यांचेही साहाय्य होते.

भारतातही या विषयाला व्यावहारिक बाजू आहे. वाहनाच्या नोंदणीपत्रात चासी क्रमांक आणि एंजिन क्रमांक हे दोन्ही नमूद असतात. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विशेष नोंदणीची तरतूद झाली. चासी, सांगाडा वा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट तिच्यात आहे. त्यामुळे एंजिनावर काय लिहिले आहे हे ठाऊक असणे मालकाच्या हिताचे ठरते.

वाचन करताना घाई घातक ठरते. पट्टीवरील तेलकट थर द्रावकाने व मऊ फडक्याने हलकेच पुसावा. पॉलिश कागद किंवा तारेचा ब्रश कधीही वापरू नये, कारण त्याने बनावट सिद्ध करणाऱ्या व खरेपणा सिद्ध करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या रेघा एकदमच नष्ट होतात. तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे. जे दिसते तेवढेच टिपावे आणि अस्पष्ट अंकाची जागा रिकामी ठेवावी. अपेक्षेप्रमाणे अंक वाचण्याची चूक अनुभवी माणसाकडूनही होते. सर्व तारखा टिपून झाल्यावरच त्या ओतशाळेपासून जुळणीच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत ओळीने मांडाव्यात. एंजिन गाडीचे आहे की नाही, याचे उत्तर त्या ओळीत असेल तर दिसेल. नसेल तर तसे स्पष्टपणे लिहून ठेवणे, हेही पुढच्या मालकावर उपकारच होत.